तिसरीतल्या पोरीचा अभ्यास आणि रोजचं भांडण: तुम्ही घरी काय करता?

हुडकेश्वरची_आई | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. असा धागा आधी असेल तर सांगा. मी शोधला, पण 'नर्सरी प्रवेश' सोडून काही सापडलं नाही.

लेक तिसरीत आहे, सेमी इंग्रजी. मी ऑफिसातून सात-सव्वासातला घरी येते. साडेसातला आम्ही दोघी अभ्यासाला बसतो आणि सव्वाआठपर्यंत दोघींपैकी एक जण रडून राहिली असते. बहुतेक वेळा ती.

परवाचंच सांगते. ५२ वजा २७. तिनं लिहिलं ३५. मी म्हटलं, अगं बॉरो कर ना. तर म्हणे, आमच्या टीचर बॉरो म्हणत नाहीत, रीग्रुप म्हणतात. मी म्हटलं, तेच ते. "तेच नाही!" तेवढ्यात सासूबाई कणकेच्या हातानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हातचा एक खाली दे, झालं. त्यांनी वर काहीच खोडलं नाही, खालच्या दोनाचे तीन केले आणि उत्तर आणलं २५. बरोबर! आता मलाच कळेना त्यांनी केलं काय. पोरगी मधे बसून पेन्सिलीचं मागचं रबर चावत होती.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिसरी संपेपर्यंत मुलांना नेमकं काय यायला पाहिजे? डायरीत "पान ३४ पूर्ण करा" एवढंच येते. आणि आपण घरी शिकवावं की नाही? नवरा म्हणतो, ट्यूशन लाव आणि मोकळी हो.

---

मिहान_नाइटशिफ्ट | २१ सप्टेंबर, रात्री १०:०२

ताई, आमच्या घरात कॅमेरा बसवला काय तुम्ही? आमचा दुसरीत आहे. फरक एवढाच की आमच्याकडे रडणारा मी असतो.

---

त्रिमूर्तीनगर_२२ | २१ सप्टेंबर, रात्री १०:१५

ट्यूशन लावा. आम्ही पहिलीपासून लावली. घरातली शांतता महिन्याच्या आठशे रुपयांत मिळत असेल तर स्वस्तच आहे. फार विचार करू नका.

---

खडू_डस्टर | २१ सप्टेंबर, रात्री ११:२०

ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवून राहिली आहे, म्हणून जरा लांब लिहिते. चहा घेऊन बसा.

आधी ते ३५. हे उत्तर मी वर्षातून शंभरदा बघते आणि दरवेळी मला ते आवडतं, कारण ते अंदाजे ठोकलेलं नाही. तुमच्या लेकीनं पाचातून दोन काढले, तीन. मग दोन आणि सात दिसले. तिला पहिलीत आपणच सांगितलं होतं की नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं. म्हणून सातातून दोन काढले, पाच. ३५. तिनं नियम पाळला. नियम अर्धवट होता, तो आपण दिलेला. अशा वेळी "चुकलं, बॉरो कर" म्हटलं की मुलीला कळतं की नियम पाळूनही शिव्या बसतात. मग ती पुढच्या वेळी विचार करत नाही, तुमच्या तोंडाकडे बघते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: "हे कसं केलंस, सांग बरं मला." आवाज चढवून नाही. उत्तर बरोबर आलं तेव्हाही विचारायचं, नाहीतर पोट्टे हुशार असतात, आईनं "कसं केलंस" विचारलं म्हणजे चुकलं, हे त्यांना दोन दिवसांत समजते.

आता तुमच्या घरातल्या तीन पद्धती. खरं तर त्या दोनच आहेत. तुमचं बॉरो आणि टीचरचं रीग्रुप एकच: पाच दशकांतला एक मोडला, चार उरले, वर दोनाचे बारा झाले. बारातून सात, पाच. चारातून दोन, दोन. शब्द बदलला कारण बॉरो म्हणजे उधार, आणि उधार परत करावी लागते. इथे कोणी काही परत करत नाही. दहाची नोट मोडून सुटे घेतले, बस.

सासूबाईंची पद्धत वेगळी आहे आणि सुंदर आहे. त्यांनी वरच्या संख्येत दहा सुटे वाढवले आणि खालच्या संख्येत एक दशक वाढवला. दोन्हीकडे दहाच वाढले, म्हणून फरक तोच राहिला. लेकीला असं सांगा: तू आठ वर्षांची, मामेदादा बारा वर्षांचा. पाच वर्षांनी तू तेरा, तो सतरा. अंतर किती? चारच. आजी तेच करते. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणांनी असंच हातच्यानं वजा केलं आणि कोणाचं काही अडलं नाही. पण सध्या तिसरीत एकच पद्धत चालू द्या, शाळेतली. आजीची पद्धत चौथीत "जादू" म्हणून दाखवा. तेव्हा तिला ती खरंच जादू वाटेल.

आणि कागदावर करण्याआधी हातानं करू द्या. चिंचोके, माचिसच्या काड्या, काहीही. दहा काड्यांचा गठ्ठा, त्याला रबर बँड. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. आता त्यातून २७ दे म्हणा. दोन गठ्ठे देईल, मग सात सुट्या शोधेल, सापडणार नाहीत, आणि स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढेल. ते रबर काढताना तिचा चेहरा बघा. टीचरच्या तोंडचं रीग्रुप तिला तेव्हा समजेल.

तिसरीपर्यंत काय यावं ते उद्या लिहिते, डोळे मिटून राहिले.

---

हुडकेश्वरची_आई | २१ सप्टेंबर, रात्री ११:३१

मॅडम, 🙏 सासूबाईंना वाचून दाखवलं. "जादू" शब्दावर त्या आज झोपणार नाहीत.

---

दादाजी_महाल | २२ सप्टेंबर, सकाळी ६:०५

खडू मॅडम छान लिहितात. पण मूळ दुखणं असं की पाढे गेले. आम्ही तीसपर्यंत पाढे तर म्हणतच होतो, वर अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आजच्या किती शिक्षकांना ठाऊक आहे? आमच्या वडिलांचं नागपूरच्या इतवारीत किराण्याचं दुकान होतं. सात शेर माल दीड रुपये भावानं, साडेदहा रुपये, तोंडावर. आता पोरगा सात आठे छप्पन्नला मोबाइल काढते.

---

मिहान_नाइटशिफ्ट | २२ सप्टेंबर, सकाळी ९:४८

दादाजी, औटकी मी पहिल्यांदा ऐकली. पण किलो-रुपयांच्या जमान्यात साडेतीनचा पाढा कशाला लागेल? माझा मुलगा बेचा पाढा गाण्यासारखा म्हणतो, आणि "तीन ताटांत दोन-दोन पोळ्या, एकूण किती" विचारलं की मोजत बसतो. त्याच्या लेखी पाढा म्हणजे प्रार्थना.

---

खडू_डस्टर | २२ सप्टेंबर, रात्री ८:५०

दादाजी, पाढे पाहिजेतच, त्यात वाद नाही. पाढा पाठ नसला तर चौथीतला भागाकार म्हणजे डोंगर चढणं. पण मिहानवाल्या दादांचं दुखणंही खरं आहे. आधी ताटं, मग पाढा. आणि अडलं तर रस्ता माहीत पाहिजे. सात आठे आठवत नाही? सात पंचे पस्तीस येते ना? वर सात त्रिक एकवीस. पस्तीस आणि एकवीस, छप्पन्न. ज्याला हा रस्ता कळला त्याला पाढा विसरायची भीती राहत नाही, आणि गंमत म्हणजे त्याचाच पाढा लवकर पाठ होतो.

आता काल राहिलेलं. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्याचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं. २०२६-२७ ही मुदत ठरवली होती. त्यात इयत्तावार लक्ष्यं दिली आहेत. गणितात पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं, दुसरीअखेर ९९९, तिसरीअखेर ९९९९. बेरीज-वजाबाकी हळूहळू वाढत जाते, आणि तिसरीत साधा गुणाकार वापरून उदाहरण सोडवता यावं. वाचनात पहिलीला चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं, दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला किमान ६०, आणि हे सगळं अर्थासकट.

त्या ६० वरून घड्याळ लावून बसू नका, ही हात जोडून विनंती. मराठीत "आजोबांच्याबरोबरसुद्धा" हा एकच शब्द मोजला जातो. मुलानं साठ शब्द धडाधड वाचले आणि नंतर "मग त्या कावळ्यानं काय केलं?" विचारल्यावर छताकडे बघितलं, तर ते वाचन नाही. माझ्या वर्गात अशी पोपटपंची करणारी दोन-तीन तरी दरवर्षी असतात, आणि त्यांचे आईबाप सगळ्यात खूश असतात.

घरी चाचपून बघायचं असेल तर 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणाची रीत वापरा. ते घरोघरी जाऊन मुलांना एकेक कागद देतात. आधी सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात एक ते नऊ अंक ओळखणं, मग दोन अंकी संख्या, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं. मूल जिथे अडखळते तिथून एक पायरी खाली या आणि तिथून सुरू करा. तिसरीतलं मूल शब्दांवरच अडत असेल तर तिसरीचा धडा दहादा वाचून घेऊन काही होत नाही. धडा पाठ होईल, वाचन येणार नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | २२ सप्टेंबर, रात्री ९:१५

माझी तक्रार वेगळीच आहे बे. पोराला घरी वर्कशीट आली, चित्रं ओळखून नावं लिहा. हिरव्या जुडीच्या चित्राखाली त्यानं लिहिलं "सांबार". टीचरनं लाल फुली मारली. बाजूला लिहिलं, "कोथिंबीर. सांबार इडलीसोबत खातात." आता सांगा, आमच्या घरी, शेजारी, बाजारात, कोणी कोथिंबीर म्हणून राहिलं काय? पोट्टा मला विचारते, "बाबा, आपण चूक बोलतो काय?" मी काय उत्तर देऊ?

---

हुडकेश्वरची_आई | २२ सप्टेंबर, रात्री ९:२२

😂😂 सॉरी, हसायला नको. पण आमच्याकडे "आई भाजी चिरून राहिली आहे" या वाक्यावर लाल रेघ मारली होती. "चिरत आहे" पाहिजे म्हणे.

---

त्रिमूर्तीनगर_२२ | २२ सप्टेंबर, रात्री ९:४०

प्रमाण भाषा शिकवायलाच शाळा असते ना? पुण्याच्या इंटरव्ह्यूत "करून राहिलो" म्हणणार काय?

---

वऱ्हाडी_ठेचा | २२ सप्टेंबर, रात्री ९:४४

मी म्हणतो. नोकरी लागली.

---

खडू_डस्टर | २२ सप्टेंबर, रात्री १०:३०

ठेचा दादा, पोराला सांगा, एका वस्तूची दोन नावं असतात. घरी त्याला जसं पिंट्या म्हणतात आणि हजेरीत दुसरं नाव असते, तसंच. सांबार हे जुडीचं घरचं नाव, कोथिंबीर हे हजेरीतलं. मी असते तर बरोबरची खूण केली असती आणि शेजारी दुसरा शब्द लिहिला असता. पहिली-दुसरीत मुलानं वर्गात तोंड उघडणं हेच मोठं काम असते. घरच्या शब्दावर फुली बसली की मूल तो शब्द सोडत नाही, बोलणं सोडते. चौथीपर्यंत दोन्ही शब्द येतात आणि कुठे कोणता वापरायचा तेही येते. आता फल्लीदाणे आणि शेंगदाणे यावर दुसरा धागा काढू नका.

---

धंतोली_ऑरेंज | २३ सप्टेंबर, दुपारी १:१०

संख्यांच्या नावांचं काय करता तुम्ही लोक? आमची मुलगी सीबीएसईत दुसरीत आहे. शाळेत थर्टी-टू, घरी बत्तीस. आजोबांनी "बत्तीस लिही" म्हटलं की २३ लिहिते. आणि एकोणपन्नास म्हटलं की हमखास ५९.

---

दादाजी_महाल | २३ सप्टेंबर, दुपारी ३:३०

यावरच तर मागे सरकारनं "वीस दोन" आणलं होतं. बावीसला वीस दोन! किती हसले होते लोक.

---

खडू_डस्टर | २३ सप्टेंबर, रात्री ९:०५

हसले, खरं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ते आलं, विधिमंडळापर्यंत गाजलं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटते. बाईंनी बावीस शब्द बंद करा असं म्हटलंच नव्हतं. मुलांना ओळख सोपी व्हावी म्हणून "वीस दोन" शेजारी ठेवलं होतं. आपण बोलताना आधी एकक म्हणतो, "बत्-तीस", आणि लिहिताना आधी दशक. बोलणं उजवीकडून, लिहिणं डावीकडून. इंग्रजी आणि तेलुगू, कन्नडसारख्या दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी येतो, म्हणून त्या मुलांना हा घोळ होत नाही.

आणि एकोणची तर मजाच आहे. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, उणे एक. मूल "पन्नास" ऐकते आणि पाच लिहून मोकळं होते. एकोणतीस, एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो. आता मुलानं हुशारीनं ९९ ला एकोणशंभर म्हटलं तर? चूक! ते नव्व्याण्णव. मला एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, नियम का बदलला?" मी म्हटलं, बाई, माझ्याकडे उत्तर नाही.

धंतोली दादा, उपाय साधा आहे. आजोबांनी "बत्तीस" म्हटल्यावर लगेच "तीस आणि दोन" म्हणायचं, मग लिहायचं. एकोणपन्नास म्हणजे "पन्नासच्या आधीचा". दोन-तीन आठवडे, रोज पाच संख्या, जास्त नाही. सेमीवाल्यांना आणखी एक सांगते: मराठीतला चार इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठीतला एक इंग्रजी नवासारखा. ४१ चे ८९ वाचणारी मुलं मी पाहिली आहेत. त्याला वेंधळेपणा म्हणू नका, ते दोन लिप्या एकदम सांभाळून राहिले आहेत.

---

त्रिमूर्तीनगर_२२ | २३ सप्टेंबर, रात्री ९:३०

आणि त्यात तिसरी भाषा हिंदीही पहिलीपासून लादणार होते! त्यावर कोणीच बोलत नाही इथे.

---

प्रशासक | २३ सप्टेंबर, रात्री ९:३५

पहिलीपासून हिंदीचे ते दोन्ही शासन निर्णय जून २०२५ च्या अखेरीस मागे घेतले गेले. त्यावर १४ पानांचा धागा आधीच आहे, भांडण तिकडे करावे. इथे वजाबाकी चालू द्या.

---

मिहान_नाइटशिफ्ट | २४ सप्टेंबर, पहाटे ४:१२

(शिफ्ट संपली.) मॅडम, तुमचं वाचून काल एक प्रयोग केला. मुलाला सोबत घेऊन मेट्रोनं बर्डीला (सीताबर्डीला) गेलो. एरवी तो खिडकीला नाक लावून बसतो. काल म्हटलं, स्टेशनची पाटी पहिले कोण वाचते बघू. उज्ज्वल नगरला अडला. "उज... उज... बाबा, हे ज दोनदा का आहे?" जोडाक्षर त्याला शाळेत शिकवून दोन महिने झाले, पण हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. मग म्हटलं, जोरात म्हण, जीभ कुठे थांबते बघ. उज्-ज्वल. तीनदा म्हटलं. शेजारच्या काकू हसून राहिल्या. रहाटे कॉलनी येईपर्यंत आम्ही सज्जन, लज्जा, मज्जा सगळं करून झालो. मज्जा लिहिताना एकच ज असतो हे मलाच घरी येऊन कळलं.

घरी हे पुस्तकातून केलं असतं तर दहाव्या मिनिटाला भांडण होतं.

---

हुडकेश्वरची_आई | २४ सप्टेंबर, सकाळी ८:२०

किती छान! आमच्या बाईसाहेबांना पहिली वेलांटी छळते. बोलताना नंतर येते आणि लिहिताना आधी काढायची, "कि" मध्ये. ती आधी क काढते, मग जागा शोधते, मग खाडाखोड.

मॅडम, निबंधाचं काय करू? "माझा आवडता सण" लिहून आणायचाय. मी सांगते, ती लिहिते. छान होते, पण... माझा होते.

---

खडू_डस्टर | २४ सप्टेंबर, रात्री ९:४५

वेलांटीबद्दल: आधी क काढू द्या, मग मागे जाऊन वेलांटी. हात बसला की क्रम आपोआप बदलतो. जागा मात्र सुरुवातीला चारेघी वहीत थोडी जास्त सोडायला सांगा.

निबंध. मी तुमच्या लेकीच्या वर्गाला न बघता सांगते, वर्गात चाळीस निबंध येतील, त्यातल्या पस्तिसांत "बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे" असेल. आईनं सांगितलेलं वाक्य मला लांबून ओळखू येते. त्यापेक्षा असं करा. वही बंद. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, तिचा बैल होता ना? तो बैल समोर आणून ठेवा आणि विचारा, कोणी सजवला, काय तुटलं, कोणाकोणाकडे गेलीस, बोजारा (बैल घेऊन गेल्यावर मिळणारे पैसे) किती मिळाला, कोणी कमी दिला. ती सांगेल तसं तुम्ही कागदावर फक्त शब्द टिपा, वाक्य नाही. मग वही तिच्या हाती द्या आणि उठून जा. खरंच उठून जा. चूक दिसली तर तेव्हा नाही, दुसऱ्या दिवशी, आणि एकाच प्रकारची. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, अक्षर, सगळं एकदम काढलं तर मूल पुढच्या वेळी तीन ओळींतच आटपते. तीन ओळींत चुका कमी होतात ना!

---

धंतोली_ऑरेंज | २५ सप्टेंबर, दुपारी १२:४०

एक शंका. एवढं सगळं कशाला, आठवीपर्यंत नापास तर करतच नाहीत?

---

खडू_डस्टर | २५ सप्टेंबर, रात्री ८:१५

तो काळ गेला. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नाही जमलं तर पुन्हा एक संधी, तरीही नाही तर त्याच वर्गात. पण त्याची भीती दुसरी-तिसरीत दाखवू नका. पाचवीत अडणारं मूल पाचवीत अडलेलं नसते, ते दुसरीतच मागे राहिलेलं असते. आपल्याला दिसते पाचवीत.

आणि ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट राहिली. साडेसात ते सव्वाआठ. पंचेचाळीस मिनिटं, तीही तुम्ही दोघी थकलेल्या असताना. वीस करा. दहा मिनिटं तिनं वाचायचं, एक वाक्य ती, एक तुम्ही. दहा मिनिटं गणित, चार उदाहरणं. उरलं तर उरलं, डायरीत लिहा, "आज एवढंच झालं." टीचर रागावतील असं वाटते, पण मला असा शेरा आला की उलट बरं वाटते. मला कळते मूल कुठे आहे.

ट्यूशनबद्दल: जिथे शाळेचाच गृहपाठ पूर्ण करून देतात ती ट्यूशन म्हणजे वही भरण्याची मजुरी. एखादी शेजारची ताई मुलीला गोष्टी वाचून दाखवणारी असेल तर लावा, आनंदानं.

---

हुडकेश्वरची_आई | ११ ऑक्टोबर, रात्री ९:५५

उशिरा आले, सहामाही होती.

निबंध जसा तिनं लिहिला तसाच दिला. त्यातल्या दोन ओळी इथे देते, शुद्धलेखन तिचंच: "माझ्या बैलाचे एक शिंग तुटले होते. ते बाबांनी डिंकाने चिटकवले पण ते वाकडे आहे म्हणून तो सगळ्यांकडे एका बाजूने बगतो." टीचरनं "बगतो" खाली रेघ मारली आणि बाजूला एक हसरा चेहरा काढला.

वजाबाकी आठपैकी सात बरोबर! चुकलेलं हे: ४०३ वजा १७८. तिचं उत्तर २७५. मी श्वास घेतला आणि विचारलं, कसं केलंस? म्हणाली, "तीनाला पाहिजे होते. शेजारी शून्य होतं, त्याच्याकडे काहीच नव्हतं. म्हणून त्याच्या पलीकडच्या काकांकडून घेतले." मग तेरातून आठ, पाच. मधल्या शून्याला तिनं हातच लावला नाही, सातातून शून्य काढलं, सात. चाराचे तीन झाले होते, त्यातून एक, दोन.

मॅडम, आता हे काड्यांनी करायला गेले तर चारशे काड्या लागतील. काय करू?

---

खडू_डस्टर | ११ ऑक्टोबर, रात्री १०:२०

किती स्वच्छ सांगितलं पोरीनं! पलीकडच्या काकांकडून घेतलं ते बरोबरच, पण काकांकडे शंभराची नोट आहे. ती थेट सुट्यांच्या घरात जात नाही. आधी मधल्या घरात दहाच्या दहा नोटा होतात, मग त्यातली एक मोडून दहा सुटे. मधे नऊ उरतात. तेरातून आठ, पाच. नवातून सात, दोन. तीनातून एक, दोन. २२५. काड्या नको, पैसे घ्या. चार शंभराच्या नोटा, दहाच्या दहा नोटा आणि तेरा रुपये सुटे.

---

हुडकेश्वरची_आई | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३४

मॅडम, घरात दहाच्या नोटा मिळून तीन निघाल्या. सुटे रुपये देवघरातले चार. दूधवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे स्कॅन करून राहिले. मला आत्ता लक्षात आलं, हिनं दुकानात सुटे परत घेताना मला कधी बघितलंच नाही.

---

दादाजी_महाल | १२ ऑक्टोबर, सकाळी ५:५०

माझ्याकडे डबाभर नाणी आहेत. महालात या, घेऊन जा. परत द्यायची अट आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

ताई, व्यापार खेळाचा डबा माळ्यावर पडला असेल तर काढा. नोटाच नोटा.

---

हुडकेश्वरची_आई | १२ ऑक्टोबर, रात्री ८:४०

निघाला! शंभराच्या नोटा एकदम कोऱ्या करकरीत. दहाच्या कमी पडल्या म्हणून कागद कापून तिनं स्वतः बनवल्या, गांधीजींच्या जागी स्वतःचं तोंड काढलं. आता अट अशी आहे की बँक तीच राहणार, आणि आजी ग्राहक. आजी शंभराची मोडायला गेल्या तर बँक बंद, जेवणाची सुट्टी म्हणे.